एका दोरीतले दोन बिल्ले

७ मार्च, रविवार

आज मी चर्चची मंडळी सोडली. कारण व्यवस्थित लिहून ठेवतो, नाहीतर उद्या लोक माझ्या तोंडी भलतंच घालतील.

दुसऱ्या गीताच्या शेवटच्या कडव्यात येसायाचा बेस, तळाचा आवाज, घसरला. हे पहिल्यांदा झालेलं नाही. म्हाताऱ्यानं उभा जन्म सरोवरावर जाळी ओढली. आवाज अजून रांजणातून आल्यासारखा आहे, पण गेल्या पावसाळ्यापासून त्याला कमी ऐकू येतं. ऐकू न येणारा माणूस एकटा खाली जात नाही, शेजारच्यालाही धरून नेतो. मी हात वर करून गाणं थांबवलं. नादकाटा गुडघ्यावर वाजवून त्याच्या कानाशी धरला आणि म्हणालो, "येसाया, हा स्वर. हा ऐकू येत नसेल तर खाली जाऊन बस." सगळ्या मंडळीसमोर म्हणालो, कारण चूकही सगळ्या मंडळीसमोर झाली होती. तो जाऊन बसला.

उपासनेनंतर मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे कारभारी पंचांनी, आतल्या खोलीत बोलावलं. पाळकसाहेब कोवळे आहेत, माझ्या मुलीच्या, तमालाच्या वयाचे. म्हणाले, "मास्तर, पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर त्यांची क्षमा मागा."

"स्वर खाली होता की नव्हता, तेवढं सांगा."

"होता. पण प्रश्न स्वराचा नाही."

"गायनमंडळात दुसरा कुठला प्रश्न असतो?"

मी गळ्यातली बिल्ल्याची दोरी काढून मेजावर ठेवली. प्रभुभोजनात पाव घ्यायचा हक्क देणारा बिल्ला असा ठेवून जाणारा मंडळीबाहेर होतो. परत हवा असेल तर त्यानं स्वतः सगळ्यांपुढे उभं राहून मागायचा, दुसऱ्यानं मागून चालत नाही. नियम चांगला आहे. मी मागणार नाही.

सोल्फा स्वरलिपी मला कोणी शिकवलेली नाही. मिशनच्या अडगळीत पुठ्ठा फाटलेलं एक पुस्तक सापडलं, त्यावरून मी शिकलो आणि या गावाला चार आवाजांत गायला शिकवलं. होड्या बांधायलाही कोणी शिकवलं नाही. देवाशी बोलायला मला मध्ये गर्दी लागत नाही. यापुढे रविवार घरी.

बायकोला सांगितलं. एनेलेसी तशी कमी बोलते. तिनं विचारलं, "दोरी ठेवलीत?"

"ठेवली."

"अख्खी?"

"मग काय अर्धी ठेवणार?"

ती कसाव्याच्या कंदाचं पीठ चाळत राहिली.

११ मार्च, गुरुवार

तिनं आज निखाऱ्याची इस्त्री पेटवून संघाचा गणवेश इस्त्री केला. पांढरं पोलकं, काळा घागरा, पांढरा रुमाल. बायकांचा संघ गुरुवारी भरतो. मग तिनं सगळं घडी घालून परत पेटीत ठेवलं.

"जायचं नव्हतं तर कोळसा का जाळला?"

"सवय."

मग लक्षात आलं. लग्नाच्या दिवशी आमच्याकडे नवराबायकोचे बिल्ले एका दोरीत ओवतात, गाठ नवरीची आई मारते. ती दोरी घरधनी गळ्यात घालतो. म्हणजे रविवारी मी तिचाही बिल्ला मेजावर ठेवला. खरं सांगायचं तर त्या वेळी हे डोक्यात आलंच नव्हतं. पण विचार केल्यावर तेच बरोबर वाटतं. घर अर्धं आत, अर्धं बाहेर कसं राहील?

तिला तसं म्हणालो. ती म्हणाली, "तो माझा मी मिळवला होता, तमालाचे बाबा. तुमच्या आधी."

रागानं म्हणाली नाही. म्हणजे पटलं असावं.

१४ मार्च, रविवार

घरची पहिली उपासना. शास्त्रपाठ, प्रार्थना, तीन गीतं. मी टेनर गायलो, तिला अल्टो दिला. टेनर आणि अल्टो म्हणजे घराच्या मधल्या दोन भिंती. वर छप्पर नाही, खाली पाया नाही. पण स्वर अचूक होते.

मध्येच ओढ्यापलीकडून चर्चमधलं गाणं ऐकू आलं. नादकाटा माझा स्वतःचा, तो माझ्याबरोबर घरी आला. त्यामुळे त्यांना सुरुवात अंदाजानं करावी लागली. मी काटा वाजवून पाहिला, जवळजवळ अर्धा स्वर खाली. येसाया परत उभा राहिलेला दिसतो. आणि टेनर एकट्यानं म्हणतो त्या ओळीला सरळ भोक. माझ्या जागी अजून कोणाला उभंच केलेलं नाही. ती ओळ आली की नुसती शांतता. आळशी लोक.

एनेलेसी दारात उभी राहून ऐकत होती. मी म्हणालो, "ऐकलंस? किती खाली."

"हो," ती म्हणाली, आणि आत आली नाही.

४ एप्रिल, ईस्टर

पहाटे मंडळी सरोवराच्या काठानं गात जाते, तशी गेली. आमच्या घरासमोर त्यांची पावलं मंदावली. वाट अरुंद आहे म्हणून असेल. मी खिडकीची फळी लावून घेतली. तेवढ्यात वाटेवरून न्याकालुआचा आवाज आला. ती संघाची पुढारी. जीभ अशी की हिच्याशी मासळीच्या भावात घासाघीस करायला व्यापारीसुद्धा घाबरतात.

"मास्तर! मेलेला उठला, तुम्ही कधी उठणार?"

बायका हसल्या. हसण्यात एक आवाज आमच्याच परसातून आल्यासारखा वाटला.

प्रभुभोजन मी घरी केलं. पाव आणला होता, लाल सरबत होतं. वचन वाचलं, पाव मोडून तिच्यापुढे धरला. तिनं घेतला, आणि म्हणाली, "खाईन मी. तुम्ही दिलंत, जेवण आहे. पण याला ते नाव देऊ नका."

"का? वचन तेच आहे. पाव तोच आहे."

"कोणाबरोबर खाल्ला?"

"माझ्याबरोबर."

मग तिनं पाव खाल्ला, तुकडा सांडू न देता.

२९ एप्रिल, गुरुवार

चिम्बाली सावकाराची होडी पूर्ण झाली. माझ्या हातची आजवरची उत्तम होडी. फळी फळीला अशी बसली आहे की नख जाणार नाही.

होडी पाण्यात ढकलायला आमच्याकडे मंडळीचे पुरुष येतात. मी सूर द्यायचो, ठेका पडला की सगळ्यांचा जोर एकदम पडायचा. लाकूड जोरानं हलत नाही, एकाच क्षणी लागलेल्या जोरानं हलतं. हे मीच त्यांना शिकवलं होतं. या वेळी कोणाला बोलावलं नाही. खाली गोल ओंडके, मागून पहार, दोरखंड आणि झाडाला बांधलेली कप्पी. गणित बरोबर होतं.

एक ओंडका वाळूत रुतला, होडी एका अंगावर कलली आणि तळाची फळी फाटली.

फाटताना जो आवाज आला तो घरी कोणाला सांगितला नाही. इथे लिहितो. माणूस कण्हतो तसा होता.

६ मे, गुरुवार

फळी बदलली. आज सकाळी काठावर गेलो तर होडी पाण्यात! खुंटाला नीट बांधलेली, डुलत होती. दक्षिणेचा वारा सुटला आहे, पाणी चढून होडी आपसूक तरंगली असणार. वाळूत पुष्कळ पावलं उमटली होती. कोळ्यांची असतील.

सावकार खूश. "मास्तर, एकट्यानं कशी ढकललीत?" मी म्हणालो, "डोकं लागतं."

एनेलेसीला आज जेवण गेलं नाही. पोट दुखतं म्हणाली. कधीपासून, तर म्हणाली, बरेच दिवस.

१७ मे, सोमवार

तिला खाडीपलीकडच्या इस्पितळात नेलं. पोटात गाठ आहे, मोठी. डॉक्टर तिच्याशी बोलला नाही, मला बाहेर घेऊन गेला. म्हणाला, "आता कापण्यासारखं राहिलेलं नाही. घरी न्या, माणसांत ठेवा."

मी विचारलं, "औषध काय?"

"दुखेल तेव्हा या गोळ्या."

होडीत परतताना ती म्हणाली, "काय म्हणाला?" मी म्हणालो, "विश्रांती घ्या म्हणाला." ती पाण्यात हात घालून बसली होती. म्हणाली, "तुम्हाला खोटं बोलता येत नाही. स्वर चढतो तुमचा."

तमालाला जोहान्सबर्गला निरोप पाठवला. तिच्याकडे कागदपत्रं नाहीत. एकदा इकडे आली की परत जाता यायचं नाही. एनेलेसीनंच कळवायला लावलं, येऊ नकोस म्हणून.

२ जून, बुधवार

ती आता अंथरुणातच आहे. घर मी चालवतो. होडीचं काम जसं टप्प्याटप्प्यानं लावतो तसं घराचंही लावलं आहे, आणि खरं म्हणजे बायका उगाच कामाचा बाऊ करतात असं दिसतं. सकाळी कामाला निघताना मडकी अर्धी असतात, दुपारी येतो तर काठोकाठ. पाणी जपून वापरलं की पुरतं. सरपण संपत नाही. अंगण झाडलेलं असतं, कदाचित वाऱ्यानं. काल चुलीवर उसिपा मासळीचा रस्सा होता. एनेलेसी म्हणाली, "मीच उठले थोडी." तिला बरं वाटतंय म्हणायचं!

अंगाला वासही येत नाही तिच्या. स्वच्छ, तेल लावलेली. माणूस ठरवलं तर एकट्यानं सगळं करू शकतो.

१० जून, गुरुवार

लाकडात भोक पाडायचं विंधणं विसरलो म्हणून अवेळी घरी गेलो. लांबूनच हसणं ऐकू आलं. एनेलेसीचं हसणं. किती दिवसांनी ऐकलं. मी वाटेतच थबकलो.

आत न्याकालुआ होती, आणि संघाच्या आणखी दोघी. एकीनं एनेलेसीला मागून टेकू दिला होता, दुसरी पाठ पुसत होती, आणि न्याकालुआ माझी नक्कल करत होती. हातात नादकाट्यासारखा चमचा, भुवया वर, "हा स्वर! हा ऐकू येत नसेल तर खाली जाऊन बस!" एनेलेसी हसता हसता पोट धरत होती.

मडक्यांकडे पाहिलं. भरलेली. सरपण रचलेलं.

मी म्हणालो, "कोणी बोलावलं तुम्हाला?"

न्याकालुआनं चमचा खाली ठेवला. "आजारी माणसाकडे बोलावणं लागतं का हो, मास्तर?"

"हे घर तुमच्या मंडळीत नाही."

"घराला कोण विचारतंय? आम्ही हिच्याकडे आलो."

"माझ्या बायकोला माझ्या घरात माझी थट्टा ऐकवायला?"

"थट्टा नसती तर ती केव्हाच गेली असती," ती म्हणाली. मग आवाज उतरवून, "मास्तर, भांडा आमच्याशी, हवं तेवढं भांडा. पण पाणी भरू द्या."

मी दार दाखवलं. एक एक करून गेल्या. त्या एनेलेसीच्या कपाळाला हात लावून गेल्या, माझ्याकडे न बघता. मी मागच्या वाटेवर कुंपणाला काटे लावले.

एनेलेसीची पाठ अर्धी ओली होती. मी पुसायला गेलो तर म्हणाली, "असू दे, वाळेल."

मला न सांगता, माझ्या मागून, माझ्या घरात. मी चिडलो यात चूक काय?

१५ जून, मंगळवार

पाणी पुरत नाही.

ओढ्यापासून घरापर्यंतची वाट इतकी चढाची आहे हे मला माहीत नव्हतं. धुणं धुऊन वाळत नाही, आमच्याकडे जून थंडीचा, धुकं दिवसभर उठत नाही. काम बंद आहे. तिला एकट्याला उचलता येत नाही. उचलायला गेलो की कुठे तरी दाबलं जातं आणि ती ओठ चावते. अंथरूण बदलायला दोन माणसं लागतात, एक उचलायला, एक ओढायला. मी दोरखंडाची युक्ती करून पाहिली. पुन्हा करणार नाही.

कसाव्याच्या पिठाचं कोंडोवोले नीट घोटता येत नाही, गुठळ्या होतात. ती खाते. म्हणजे तोंडात धरते.

वाटेवरून कोणी जाताना दिसत नाही. मी काटे लावले ते मागच्या वाटेला, पुढची उघडी आहे. तरी कोणी येत नाही. मीच सांगितलं होतं. सांगितलेलं ऐकतात तरी, एवढं कबूल केलं पाहिजे.

१७ जून, गुरुवार

ती इस्त्री मागत होती. हात उचलत नव्हता. मी निखारे भरले आणि पोलकं इस्त्री केलं. माझ्याकडून बाहीला घडी पडली. तिनं बोटानं दाखवली. पुन्हा केलं.

दुपारी तिच्या उशाशी बसून गायलो, तिच्या आवडीचं. चारही कडवी, एकही स्वर न चुकता. ती डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "हे कुठलं होतं?"

मी नाव सांगितलं.

"हो का," ती म्हणाली. "टेनर एकटा ऐकला की ओळखूच येत नाही."

मी प्रार्थनेला बसलो, शब्द आले नाहीत. असं कधी झालेलं नाही. देव तिथे नव्हता असं म्हणणार नाही. पण खोलीत मीच होतो, सगळीकडे मीच.

१९ जून, शनिवार

तिला विचारलं, काय हवं. वाटलं, पाणी म्हणेल, तमाला म्हणेल.

म्हणाली, "बिल्ला."

आमच्यात माणूस जातो तेव्हा बिल्ला त्याच्या तळहातावर ठेवून मूठ मिटतात. रिकाम्या मुठीनं कोणी जात नाही.

मी म्हणालो, "उद्या आणतो."

तिनं माझ्या अंगठ्याला धरून ठेवलं. पकड अशी नव्हतीच.

२० जून, रविवार

गेलो. कोट घातला होता. वाक्य तयार केलं होतं: "स्वर खालीच होता, परंतु सांगण्याची माझी पद्धत योग्य नव्हती." अचूक वाक्य आहे, त्यात एकही खोटा शब्द नाही.

चर्चबाहेर आंब्याखाली उभा राहिलो. आत पाळकसाहेबांचं प्रवचन चालू होतं. प्रवचनात अडथळा नको म्हणून थांबलो. मग गीत सुरू झालं. गीतात जाणं बरं नव्हे. मग प्रार्थना, मग पुन्हा गीत. टेनरची जागा आली तेव्हा पुन्हा तीच शांतता पडली, अख्खी ओळभर. ती शांतता बाहेरून ऐकताना मी एक पाऊल मागे सरकलो. का, ते माहीत नाही. उपासना संपली, दार उघडलं, आणि मी ओढ्याच्या वाटेला लागलो होतो.

घरी तिनं डोळे उघडून पाहिलं. माझ्या हाताकडे पाहिलं.

"पुढच्या रविवारी," मी म्हणालो.

"हं," ती म्हणाली.

२४ जून, गुरुवार

आज सकाळी एनेलेसी गेली. मी चूल पेटवायला वाकलो होतो. मागे वळलो तेव्हा झालेलं होतं.

चूल पेटवली नाही. अंगणात गेलो आणि फळ्या निवडायला लागलो. पेटी मी करणार, खड्डा मी खणणार, सगळं मी. दुसरं कोण होतं? रंधा मारत होतो तेव्हा चर्चची घंटा वाजली. एकेक ठोका, मंडळीतलं माणूस गेल्यावर वाजवतात तशी. मी कोणाला कळवलं नव्हतं. वाटलं, आज आणखी कोणी तरी गेलं.

मग त्या आल्या. पांढरी पोलकी, काळे घागरे, पुढच्या वाटेनं, रांगेत. बोलल्या नाहीत. चटया टाकून आत बसल्या. दोघी पाण्याला गेल्या. मी रंधा हातात घेऊन उभा.

"कसं कळलं?" मी न्याकालुआला विचारलं.

"धूर नाही आला." ती म्हणाली. "रोज सकाळी पलीकडून बघते. तुम्ही दार बंद केलंत, छप्पर कसं बंद करणार?"

त्यांनी तिला न्हाऊ घालून संघाचा गणवेश घातला. गणवेश इस्त्रीचाच होता. न्याकालुआनं बाहीवरून हात फिरवला. "हिनं केला?"

"मी."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग बाही पुन्हा एकदा हातानं सपाट केली.

मी म्हणालो, "तिच्या मुठीत ठेवायला बिल्ला नाही. माझ्यामुळे गेला तो."

"गेला?" न्याकालुआ खाली बसली. "मास्तर, तुम्हाला माहीतच नाही? तुम्ही दोरी ठेवलीत त्याच आठवड्यात मंडळीचे वडील कात्री घेऊन इथे आले होते. तुम्ही काठावर होतात. म्हणाले, बाई, तुमचा काही दोष नाही, दोरी कापतो, तुमचा बिल्ला तुम्ही घ्या, रविवारी या. काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, कापू नका. सोडवायची ती त्यांनीच सोडवावी. ते येतील तेव्हा मी येईन."

मी विचारलं, "तुम्ही तिला समजावलं नाही?"

"दर गुरुवारी! हट्टी कुठली. आम्ही म्हणायचो, अगं तो नाही यायचा, तो दगड आहे. तर म्हणायची, यायला वेळ लागतो त्यांना, पण आले की बरोबर स्वरात येतात."

पुढचं लिहिता येत नाही.

२५ जून, शुक्रवार

खड्डा खणायला पहार घेऊन गेलो तर खड्डा खणून झाला होता. येसाया आत उभा, छातीपर्यंत मातीत. या वयात. मला बघून म्हणाला, "मास्तर, कडा सरळ आहेत का बघा, नाहीतर बाहेर काढाल मला."

कडा सरळ होत्या.

पेटी चर्चमध्ये ठेवली. दफनविधी सुरू करण्याआधी पाळकसाहेब थांबले. सगळेच थांबले. मला कळलं, कशासाठी. उठलो. तयार केलेलं वाक्य आठवलं नाही. त्यातला एकही शब्द.

"मला दोरी हवी," मी म्हणालो.

येसाया पुढेच बसला होता. "काय म्हणतो?" त्यानं मोठ्यांदा विचारलं.

कोणीतरी त्याच्या कानात ओरडलं, "मास्तर दोरी मागतायत!"

"अरे मग द्या की त्याला! बसलात काय?"

क्षमा कोणी मागायला लावली नाही. मीही मागितली नाही. ती मागायची राहिली, हे इथे लिहितो.

दोरी आतल्या खोलीत खिळ्याला टांगलेली होती, मी ठेवली तशीच. गाठ सोडवायला घेतली. तिच्या आईनं मारलेली गाठ. माझी बोटं दोरखंडाच्या गाठींना सरावलेली आहेत, अशी गाठ मला अवघड नाही. सुटेना. मंडळीच्या वडिलांनी कात्री पुढे केली. मी तिचा हात घेतला, तळहात उघडला, आणि दोरी अख्खीच ठेवून मूठ मिटली. माझ्या बिल्ल्यासकट.

पाळकसाहेब हळूच म्हणाले, "मास्तर, दुसरा मिळायला पुन्हा वर्षभर शिकवणीला बसावं लागेल. मुलांबरोबर."

मी म्हणालो, "माहीत आहे. तो नियम चांगला आहे."

कबरीवर ते गायले. खाली होते. मी तोंड उघडलं, काही आलं नाही. टेनरची ओळ तशीच रिकामी गेली, तिच्यावरून.

४ जुलै, रविवार

चूल पेटवता येते आता. कोणासाठी, ते कळत नाही. कपड्यांच्या पेटीत तिचा दुसरा रुमाल राहिला होता. एकच गणवेश, त्याला दोन रुमाल कसे, ते मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

आज प्रभुभोजन होतं. न जाण्याचं ठरवलं होतं, गेलो. दारात टोपली होती, आत जाणारा प्रत्येक जण बिल्ला टाकत होता, निघताना परत घ्यायचा. सवयीनं गळ्याशी गेलेल्या माझ्या हाताला काही सापडेना. बिल्ला नसलेल्यानं शेवटच्या बाकावर बसायचं. बसलो. शिकवणीची पोरं सरकून बसली, जागा करून.

थोड्या वेळानं येसाया गायनमंडळातून उतरून आला आणि माझ्या शेजारी बसला.

"वर जा," मी त्याच्या कानात म्हणालो. "गाणं सुरू होईल."

"तिथेही ऐकू येत नाही, इथेही येत नाही," तो म्हणाला. "मग इथे काय वाईट?"

सगळे मेजाकडे गेले. पाव फिरला. येसाया उठला नाही. मी कोपरानं ढोसलं. त्यानं गुडघ्याकडे बोट दाखवलं. कबर खणल्यापासून दुखत असतील. त्याचा बिल्ला त्याच्या मुठीत तसाच दिसत होता, टोपलीत टाकायचा विसरला असेल.

मग गीत. तिच्या आवडीचं. येसायानं बाकावरूनच धरलं, डोळे मिटून, नेहमीसारखं खाली, बाकाची फळी थरथरेल असं. सगळी मंडळी त्याच्यामागून खाली गेली. टेनरची ओळ आली आणि सगळे थांबले.

नादकाटा खिशात होता. तो मी बाहेर काढला नाही. येसायाच्या दंडाला दंड लावला, त्याचा स्वर हाडातून आला, तो घेतला, आणि तिथून सुरू केलं.